दवाखान्यांना चिठ्ठी सोडायला लावणारी रुद्राक्का

रुद्राणीला कुणी 'कॉम्प्युटरवाली बाई' म्हटलं की तिचं डोकं फिरायचं. "कॉम्प्युटर काय, कुणीबी पुसतंय," ती म्हणायची. "मी डॉक्टरास्नी एकमेकाशी बोलायला लावतो, त्ये सांगा की!" आमच्या कोल्हापूरकडच्या बायका 'जातो, येतो, करतो'च म्हणतात. पुण्याच्या पावण्यांना हसू आलं तर त्यांनी खुशाल हसावं.

तिचं माहेर शिरोळकडचं. घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी, त्यामुळं सगळं गाव तिला रुद्राक्का म्हणायचं. सासर उचगाव, नवऱ्याचं किराणा दुकान. ब्याण्णव साली ती राजारामपुरीत सोमशेखर डॉक्टरांच्या दाताच्या दवाखान्यात नंबर लावायला बसली. सोमशेखर डॉक्टर म्हणजे त्या काळी या धंद्यातलं मोठं नाव. आडवी अक्कलदाढ, मोडलेला जबडा, हाताला न लागणारं मूळ, असं काही अवघड आलं की जिल्ह्यातले निम्मे दंतवैद्य पेशंट त्यांच्याकडे पाठवायचे. पाठवायचे म्हणजे काय, तर पेशंटच्या हातात एक चिठ्ठी द्यायचे.

त्या चिठ्ठीचे हाल काय सांगावेत! शर्टाच्या खिशात तंबाखूच्या पुडीला चिकटलेली. धुण्यात गेलेली. एसटीत खाली पडलेली. एका म्हातारीनं तर तिच्यात शेंगदाणे बांधून आणले होते. बरं, चिठ्ठी धड पोचली तरी ती वाचतंय कोण? बाहेर वीस माणसं बसलेली. डॉक्टर म्हणायचे, "आ कर. बोट लाव, कुठली दुखतीय?" पेशंट बोट लावायचा आणि डॉक्टर ती दाढ काढायचे. हात मात्र सोन्याचा होता त्यांचा, हे खोटं कसं म्हणू? पण दातदुखी भारी लबाड असते. कीड खालच्या दाढेत असते आणि ठणका वरच्या दाढेत मारतो. माणूस देवाची शपथ घेऊन चुकीचं बोट लावतो. म्हणून तर ज्यानं नीट तपासून पाठवलंय त्यानं लिहिलेल्या दोन ओळी आधी वाचायच्या असतात!

सत्त्याण्णव साली तेच झालं. उचगावच्या केरबा डॉक्टरांनी एक पेशंट पाठवला होता. हा डॉक्टर साधा माणूस, कॅलेंडरच्या पाठीवर चिठ्ठ्या लिहायचा. सोमशेखर डॉक्टरांनी बोटावर विसंबून चांगली दाढ काढली, आणि दोन दिवसांनी पेशंट भांडायला आला. डॉक्टरांनी रुद्राणीला आत बोलावलं. "ती चिठ्ठी फाड. दुसरी लिही. जी काढली तीच दाढ घाल." रुद्राणीला नोकरीला पाच वर्षं झाली होती, लेकरं लहान होती, आणि डॉक्टरांचा शब्द मोडायचा असतो हे तिला ठाऊकच नव्हतं. तिनं कॅलेंडरचा कागद शोधला आणि लिहिली.

सोमशेखर डॉक्टरांनी ती चिठ्ठी पेशंटच्या हातात ठेवली, आणि पेशंटनं ती उचगावच्या चौकात केरबा डॉक्टरांच्या तोंडावर फेकली. ते एवढंच म्हणाले, "ह्ये अक्षर माझं न्हाय." कोण ऐकतंय! हळूहळू त्यांच्या बाकावर माणूस बसायचा बंद झाला आणि दोन वर्षांत त्यांनी दाराला कुलूप लावलं. रुद्राणीच्या घरून बस स्टॉपला जायची वाट त्याच दारावरून जायची. ती तिकडं बघायची नाही. पण न बघून सुटका होत असती तर काय पाहिजे होतं?

दोन हजार चार साली तिनं नोकरी सोडली. राजारामपुरीत कॉम्प्युटरचा क्लास घेणारा जोतीराम उचगावचाच, ओळखीतला. ती त्याच्यासमोर जाऊन बसली. "जोतीराम, मला असलं कायतर करून दे की चिठ्ठी पेशंटच्या खिशात न जाता सरळ दुसऱ्या डॉक्टरच्या समोर उघडंल. आणि एकदा लिहिली की कुणाच्या बाला बदलता येऊ ने."

जोतीरामनं सहा महिने खपून ते केलं. स्क्रीनवर बत्तीस दातांचं चित्र. पाठवणाऱ्या डॉक्टरनं दुखरा दात दाबला की तो लाल व्हायचा. खाली चार ओळी लिहायच्या आणि टेलिफोनच्या तारेवरून पान पलीकडच्या दवाखान्यात. काही बिघडलंच तर आत शिरायची चावी, म्हणजे पासवर्ड, तेवढा एकट्या रुद्राक्काकडे. जोतीरामनं त्याला लांबलचक इंग्रजी नाव ठेवलं होतं. रुद्राक्कानं ते खोडून 'पाठवणी' केलं. सगळं मराठीत पाहिजे हाही तिचाच हट्ट.

मग सुरू झालं दारोदार फिरणं. काखेत वायरींची पिशवी, पायात स्लीपर. डॉक्टर लोक कौतुकानं कॉम्प्युटर घ्यायचे आणि त्यावर भरतकामाचं कापड घालून ठेवायचे. एकानं खंडेनवमीला त्याला झेंडूचा हार घातला, तो हार दिवाळीपर्यंत तसाच. "सुरू कधी करणार?" विचारलं तर म्हणे, "बिघडला म्हंजे?" दुसरा एक भारी हुशार. तो हातानं चिठ्ठी लिहायचा आणि रुद्राक्काला फोन करायचा, "घ्या लिहून, तुम्हीच घाला." ती घालायची नाही. स्कूटरवर नवऱ्याला घेऊन त्याच्या दवाखान्यात जायची आणि त्याचं बोट धरून दाबून घ्यायची. "असं. आता परत. दुपारी लाईट जायच्या आत धा येळा करा."

खरी मेख निराळीच होती. प्रत्येकाच्या पोटात एकच भीती, की पाठवलेला पेशंट परत येत नाही, पलीकडचाच होऊन बसतो. हे तोंडानं कोण बोलणार? रुद्राक्का बारा वर्षं नंबर लावून हे ओळखून होती. तिनं जोतीरामकडून करून घेतलं, की काम झाल्यावर 'परत पाठवला' असं लिहिल्याशिवाय पान बंदच होणार नाही, आणि पान कुणी किती वाजता उघडलं तेही खाली उमटेल. एवढं झाल्यावर मंडळी वळली. दोन हजार सहापर्यंत चौदा दवाखाने झाले. पहिला शिरोळच्या शिवांजली डॉक्टरांचा, नुकत्याच शिकून आलेल्या पोरीचा. शेवटचा सोमशेखर डॉक्टरांचा. ते आले म्हणून बाकीचे टिकले, कारण सगळ्यांचे पेशंट शेवटी त्यांच्याकडेच जाणार. जुनी नोकरदार म्हणून त्यांनी तिला मान दिला असं लोक म्हणाले. तिलाही तसंच वाटलं, आणि त्या दिवशी तिला आनंदच झाला, उगं खोटं कशाला बोला?

आणि त्याच वर्षी, गणपतीच्या आधी, त्यांचा फोन आला. "रुद्राणी, ये जरा. आत्ता."

ती पोचली तेव्हा बाहेर बाकं भरलेली होती. कोपऱ्यात शिरोळचा ट्रॅक्टरवाला पिराजी गालाला रुमाल बांधून बसला होता. तिनं ओळखलं त्याला. शिवांजलीनं गेल्या मंगळवारी पाठवला होता.

केबिनचं दार ढकलून ती आत गेली. डॉक्टरांनी खुर्ची दाखवली, चहा सांगितला. चहा सांगितला म्हटल्यावरच तिनं ओळखलं, काम काहीतरी वाकडं आहे.

"त्या पोरीनं घोळ केलाय," ते म्हणाले. "वरची दाढ लिहिली, मी वरची काढली. आता पेशंट बोंबलतोय की दुखायचं थांबलं नाही."

रुद्राक्कानं कॉम्प्युटर आपल्याकडे वळवला आणि पान काढलं. खालची डावी सहावी दाढ, समोरच्या दातापासून मोजून सहावी, लालभडक. खाली शिवांजलीच्या ओळी, 'वर दुखतंय असं सांगेल, पण कीड खालच्या दाढेला आहे.' पोरीनं आणखी काय लिहायचं होतं? त्याच्याखाली वेळ, 'उघडली: सायंकाळी सव्वाचार.'

"पेशंट किती वाजता आलता?" तिनं विचारलं.

डॉक्टरांनी टेबलावरचे कागद सारखे केले.

"अकराला आलता. मला ठावं हाय, शिवांजली डॉक्टरांनी सकाळच्या गाडीनं पाठवलता. दाढ अकराला काढलीसा आणि पान सव्वाचारला बघितलासा."

"तेच सांगतोय." डॉक्टर पुढं झुकले. आवाज अगदी घरातल्यासारखा मऊ. "खालची लाल आहे ती वरची कर. त्या ओळी काढ. चावी तुझ्याकडे आहे. त्या पोरीचं काय, नवीन आहे, लोक चार दिवस बोलतील आणि विसरतील. माझं नाव गेलं तर तुझ्या पाठवणीचं काय होईल? मी सोडलं की अकरा जण उद्या सोडतात. बघ बाई. एक बटण तर दाबायचं."

खरं होतं की! हे आणि अकरा जण गेले तर उरलेल्या दोन दवाखान्यांत काय उजेड पडणार होता? दोन वर्षांची पायपीट पाण्यात. आणि शिरोळात त्या पोरीचा बभ्रा झाला तर तिच्याही बाकावर माणूस बसायचा नाही. हे दोन्ही रुद्राक्काला तिथंच, त्या खुर्चीवर, लख्ख दिसत होतं. भीती म्हणाल तर थोडी होती, पण जास्त होता तो संताप.

"एकदा लिहिली तुमच्यासाठी," ती म्हणाली. "केरबा डॉक्टरांची. आठवतंय का तुमास्नी? मला आठवतंय. नऊ वर्षं त्यांच्या दारावरनं जातो मी."

"जुनं कशाला उकरतेस?"

"जुनं कुठलं? तेच आज परत मागालायसा की! त्या येळेला कागद हुता, मी फाडला. माझी चूक. मी भ्यालो न्हाई असं म्हणत न्हाई, लई भ्यालो. पर आता बदलणार न्हाय. तुम्ही पाया पडलासा तरी न्हाय आणि मारलंसा तरी न्हाय."

डॉक्टरांचा मऊपणा गेला. "मग उचल तुझं हे सगळं! आत्ताच्या आत्ता काढून टाक माझ्या मशीनमधनं. अकरा जणांना मी स्वतः फोन करतो."

"करा. नंबर न्हाईत तर देतो." ती उठून उभी राहिली. "काढायच्या आधी ज्याचं त्याला देऊन जातो तेवढं."

तिनं बटण दाबलं. टेबलाखालचा प्रिंटर करकरत सुरू झाला. डॉक्टरांना वाटलं असेल की ती आपल्या हिशेबाला काहीतरी काढतेय. तिनं कागद टरकन फाडला, दार उघडलं आणि सरळ पिराजीसमोर जाऊन उभी राहिली.

"ह्ये तुमचं पान. तुमचं तोंड, तुमची दाढ. हे तुमच्याजवळ पायजे."

पिराजीनं कागदाकडं बघितलं, मग तिच्याकडं. "वाचून दाखवू व्हय?" तिनं विचारलं.

"सातवी शिकलोय की मी," तो रुमालातून म्हणाला आणि मोठ्यानं वाचायला लागला. शेतात हाक मारतात तशा आवाजात, दाढ दुखत असताना. खालची डावी सहावी. कीड खालच्या दाढेला आहे. उघडली, सायंकाळी सव्वाचार. डॉक्टर केबिनच्या दारात येऊन उभे राहिले होते.

पिराजी उठला. "डॉक्टर, मी आडाणी न्हाय आणि भांडखोरबी न्हाय. बोट मीच चुकीचं लावलं, त्ये माझ्याकडं. पर ह्या पोरीनं लिवून पाठवलंतं. तुम्ही मला काय सांगिटलासा? तिची चूक म्हणून! मी काल तिच्या दारात शिव्या घालून आलोय. आता ह्या समद्यांच्या म्होरं सांगा, चूक कुणाची?"

डॉक्टरांनी कागदाकडं हात केला. पिराजीनं दिला नाही.

"दमानं घ्या," कोण तरी म्हणालं. पिराजी दमानं घ्यायला तयार नव्हता. रुद्राक्काही मध्ये पडली नाही. तिला एवढंच कळत होतं, की केरबा डॉक्टरांच्या वेळी असा कागद एका माणसाच्या हातात असता तर पुरे होतं. डोळे भरून आले तिचे, आणि ती पदर न लावता तशीच उभी राहिली.

डॉक्टर मागं वळले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग रोजच्या आवाजात, जणू काही झालंच नाही, त्यांनी आतून हाक दिली, "पुढचा नंबर!"

कुणी उठलं नाही.

"पुढचा नंबर कुणाचा आहे?"

पहिल्या बाकावर इचलकरंजीहून आलेली एक बाई बसली होती, सुजलेला गाल हातात धरून. नंबर तिचाच होता. ती रुद्राक्काकडं वळली.

"मला बी हितं पाठवलंय दुसऱ्या डॉक्टरांनी," ती म्हणाली. "माझं पान काढा आदी. मग जातो आत."

तिच्या पलीकडचा म्हातारा म्हणाला, "माझंबी."

रुद्राक्का केबिनमध्ये गेली. डॉक्टर बाजूला सरले. ती त्यांच्या टेबलामागच्या खुर्चीवर बसली, प्रिंटरमध्ये कागद घातला आणि उघड्या दारातून विचारलं, "नाव सांगा."