आधी विचारायचं, मग घास

मालतीबाईंची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा माझे दोन्ही पाय जमिनीपासून वर होते.

मध्य प्रदेशातल्या सौसरहून रामाकोन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक वृद्धाश्रम आहे. माझे गुणवंताकाका तिथे नुकतेच राहायला गेले होते. त्यांना भेटायला मी संत्र्यांची पिशवी घेऊन ऑटोतून उतरत होतो. पाय अडकला, तोल गेला आणि पुढच्याच क्षणी कुणीतरी मला काखेत धरून उचललं. कापसाचं गाठोडं गाडीतून उतरवतात तसं. माझं वजन ब्याऐंशी किलो आहे. त्या उंचीवरून मला बोरगाव दिसलं, हे मी आजही शपथेवर सांगतो. संत्री गडगडत गेली ती गेटबाहेरच्या शेळीला लाभली.

"भिऊ नका काकाजी," वरून आवाज आला. "आपलंच घर आहे."

त्या दिवशी बोरगावचे एक आजोबा दाखल होणार होते. केस पांढरे, थोडे गोंधळलेले, अशी खूण मालतीबाईंना मिळालेली. माझं वय त्रेपन्न असलं तरी केसांनी माझ्याआधीच सेवानिवृत्ती घेतली आहे, आणि गोंधळ तर जन्मापासूनचा. दोन मिनिटांत मी चाकाच्या खुर्चीत होतो आणि गळ्यात नॅपकिन होता.

"मी गुणवंताकाकांचा पुतण्या आहे," मी ओरडलो.

"हो जी, सगळेच कोणाचे ना कोणाचे पुतणे असतात. खाता का?"

"हो, पण..." मी म्हणालो. त्यातल्या 'हो'वर मालतीबाईंचं समाधान झालं आणि 'पण'च्या जागी तोंडात खिचडी आली. अर्धी वाटी संपल्यावर खरे आजोबा पोचले. मालतीबाईंनी माझा नॅपकिन सोडून नवा आणायला प्रणाली नावाच्या तरुण सेविकेला पाठवलं आणि मला म्हणाल्या, "खाल्लं ना जी? मग वाया नाही गेलं."

मालतीबाई बावन्न वर्षांच्या. त्या आश्रमात त्यांची तेरा वर्षं झाली होती. न्हाणीघरात धामण निघाली तेव्हा मॅनेजर पंकजभाऊ टेबलावर चढले होते. मालतीबाई धामणीला म्हणाल्या, "चाल बाहेर, आजीची आंघोळ व्हायची आहे." धामण गेली. मीसुद्धा गेलो असतो.

त्यांची एक रीत होती. पडणारा माणूस सोडला तर कुणालाही हात लावण्याआधी त्या विचारायच्या. "उचलून राहिली मी, येता का?" "खाता का?" आणि उत्तर येईपर्यंत थांबायच्या. समोरच्याला बोलता येत नसेल तर त्याची पापणी हलेपर्यंत, बोट वर होईपर्यंत. प्रणालीचे तीन जण जेवून व्हायचे तेव्हा मालतीबाईंचा एक 'हो' म्हणत असायचा. पण गुणवंताकाका जेवायचे ते फक्त त्यांच्याच हातून. काकांची डावी बाजू लुळी पडली होती. उजवी बाजू हट्टाला पुरेशी होती. ते उठून बसायचे नाहीत, उताणेच जेवायचे.

"जामसांवलीचा मारुती झोपूनच आहे," ते म्हणायचे. "त्याले कोणी म्हणते का, उठून बस?"

मालतीबाई मारुतीला जात नसत, बुद्धविहारात जात. पण मारुतीचं चरित्र त्यांना चोख ठाऊक होतं. "त्यानं आधी लंका जाळली जी, मग झोपला. तुम्ही काय जाळलं?"

काका विचार करून म्हणाले, "बिड्या."

अशी ही बाई एका कागदाला भ्याली.

कागद वरून आला होता. आश्रमांत काम करणाऱ्यांसाठी पांढुर्ण्याला दहा दिवसांचं प्रशिक्षण, शेवटी परीक्षा. जो पास होणार नाही त्यानं म्हाताऱ्या माणसांना हात लावायचा नाही. झाडू मारायचा, भांडी घासायची. पंकजभाऊंनी तो वाचून दाखवला आणि मालतीबाई तिथल्या तिथे खाली बसल्या.

"चौथीत गुरुजीनं उभं केलं होतं मले," त्यांनी मला सांगितलं. "फळ्यापाशी. मी जे पळाली ते सरळ लग्नातच थांबली."

मी पांढुर्ण्याच्या शाळेत शिकवतो आणि रोज सकाळच्या बसने जातो. त्यामुळे दहा दिवस मालतीबाई माझ्या शेजारी. पहिल्या दिवशी त्यांनी पुढच्या सीटचा दांडा असा धरला होता, की बस त्याच चालवत आहेत असं कंडक्टरला वाटावं. प्रणाली मागच्या सीटवर मोबाईलवर गाणी ऐकत होती. तिला कसलीच भीती नव्हती. तिला बारावीला त्र्याहत्तर टक्के होते.

प्रशिक्षण एका मंगल कार्यालयात होतं. मागे 'शुभविवाह' लिहिलेलं, आणि नवरा-नवरी बसतात त्या जागी पलंगावर एक बाहुला. माणसाएवढा, रबरी, डोळे सताड उघडे. सगळं त्याच्यावर शिकायचं. बायकांनी त्याचं नाव 'साहेब' ठेवलं, कारण तो काही करत नव्हता आणि सगळे त्याच्याभोवती उभे होते.

संध्याकाळी बसमध्ये मालतीबाईंचा चेहरा पांढरा होता.

"गुरुजी, तो थंड आहे. डोळे उघडे आहेत. विचारलं तर बोलत नाही. आमच्याकडे असं झालं म्हणजे आम्ही त्याचे डोळे मिटतो आणि घरी फोन लावतो. ह्या मॅडम म्हणतात, त्याले आंघोळ घाल."

"बाहुला आहे तो, मालतीबाई."

"मले माहीत आहे जी. माझ्या हाताले माहीत नाही." थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "आणि तो भोपाळहून आला. त्याले मराठी समजते का?"

मी बसभर हसलो. चौथ्या दिवशी मात्र हसू थांबलं.

त्या संध्याकाळी मालतीबाई स्टँडवर माझ्याआधी येऊन बसल्या होत्या. बसमध्ये चढल्या आणि खिडकीशी बसल्या. प्रणालीने गाणी बंद केली होती, यावरून मी काय ते ओळखायला हवं होतं.

"गुरुजी," सौसर जवळ आल्यावर त्या म्हणाल्या, "झोपून खाल्लं तर माणूस मरते का?"

शिकवणाऱ्या अर्चना मॅडमनी त्या दिवशी भरवायचं कसं ते शिकवलं होतं. माणसाला आधी बसवायचं. हनुवटी किंचित खाली. छोटा घास. गिळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही. नंतर अर्धा तास बसूनच ठेवायचं. उताण्या माणसाला भरवलं तर घास श्वासनळीत जातो, खोकला येतो, दोन-तीन दिवसांनी ताप चढतो, आणि अशक्त माणूस त्यातून उठत नाही. मॅडमनी फळ्यावर चित्र काढलं होतं. दोन नळ्या, शेजारी शेजारी.

"रामाकोन्याचे पुंडलिकराव होते," मालतीबाई म्हणाल्या. "बारा वर्ष झाले. मी नवीन होती. त्याइले शिरा आवडे. उठून बसवत नव्हतं म्हणून झोपल्या-झोपल्या भरवला. विचारलं होतं जी मी. हो म्हणाले होते. मग ठसका लागला. मी पाठ चोळली, पाणी पाजलं. तेही झोपल्या-झोपल्या." त्यांनी बोटांवर दिवस मोजले. "तिसऱ्या दिवशी ताप. पाचव्या दिवशी गेले. त्याइची बायको माझ्या पाया पडली. म्हणे, बाई, शेवटचा गोड घास तुमच्या हातून गेला."

मी मास्तर आहे. मला प्रत्येक गोष्टीवर काहीतरी बोलता येतं. त्या दिवशी मी खिडकीबाहेरची संत्र्याची झाडं मोजली.

त्या रात्रीपासून मालतीबाईंनी चमचा हातात धरायचा सोडला. बाकीची कामं केली, पण वाटी दिसली की त्या ओसरीवर जाऊन बसायच्या. काकांसमोर प्रणाली गेली, काकांनी ओठ मिटले. पंकजभाऊ गेले, काकांनी भिंतीकडे तोंड केलं. दीड दिवस त्यांच्या पोटात दोन पेले दूध गेलं, तेही गळ्यावरून जास्त आणि आतून कमी. ऐंशी किलोंचा काका कधीचाच पन्नासावर आला होता. आणखी उतरायला जागा नव्हती.

मालतीबाईंनी मॅडमना विचारायचं ठरवलं. त्यासाठी सकाळपासून धीर गोळा केला, जेवणाच्या सुट्टीत गेल्या आणि पुंडलिकरावांचं सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, मॅडम म्हणतील, तुमची काही चूक नाही. मालतीबाईंनाही तेच ऐकायचं असावं.

मॅडम म्हणाल्या, "त्याने झालं असेल. नसेलही. आता कुणालाच सांगता यायचं नाही." मग म्हणाल्या, "हे शिकायच्या आधीची माझीही दोन माणसं आहेत."

"मग तुम्ही काय केलं जी?"

"तेव्हापासून मी सगळ्यांना बसवते."

मला बसमध्ये हे ऐकून मॅडमचा राग आला. इतकं खरं बोलायची काय गरज होती? मालतीबाई मात्र ते वाक्य पदराला गाठ मारावी तसं घट्ट धरून बसल्या होत्या. भीती कमी झालेली नव्हती. फक्त आधी ती गेलेल्या माणसासाठी होती, आता पुढच्या माणसासाठी.

सौसरला उतरलो तो मीच पुढे होऊन आश्रमात गेलो. माझा काका, मीच भरवणार. वरणभात कालवला, पलंगाशी बसलो आणि उताण्या काकांच्या तोंडाशी चमचा नेला. भूक अशी होती की त्यांनी माझ्यासारख्याच्या हातूनही तोंड उघडलं. बसमध्ये ऐकलेलं सगळं विसरून मी आनंदाने मोठा घास सारला.

काकांचे डोळे मोठे झाले. ठसका आला. मग ठसकाही येईना. चेहरा आधी लाल आणि मग भलत्याच रंगाचा होऊ लागला. मी चमचा हातात घेऊन नुसता उभा. आयुष्यात मुलांना इतके धडे दिले, त्यातला एकही तिथे उपयोगी नव्हता.

दारातून मालतीबाई आल्या. येताना त्यांनी मला बाजूला केलं असावं, कारण मी नंतर कपाटाला टेकलेला होतो. त्यांनी काकांना एका हाताने उठवून बसवलं, पुढे वाकवलं आणि दोन खांद्यांच्या मध्ये जोरात थापट्या मारल्या. एक, दोन, तीन. चौथ्या थापटीला भाताचा गोळा माझ्या चपलेवर पडला आणि काकांनी श्वास घेतला. इतका मोठा आवाज मी त्यांच्या तोंडून वर्षभरात ऐकला नव्हता.

डॉक्टर येऊन छाती तपासून गेले. तासाभराने काकांनीच वाटीकडे बोट दाखवलं.

मालतीबाई रडत होत्या. तरी त्यांनी विचारलं, "खाता का?"

काका मान हलवून परत आडवे व्हायला लागले. "मारुती..." ते पुटपुटले.

"मारुती चिरंजीव आहे जी," मालतीबाई ओरडल्या. "तुम्ही नाही! बसून खाणार असाल तर हो म्हणा. नाही तर मी चालली."

काका बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. आम्ही सगळे थांबलो. शेवटी ते म्हणाले, "बसव."

पाठीशी तीन उशा, हनुवटी खाली. एकेका घासाला मालतीबाई काकांच्या गळ्याकडे अशा बघत होत्या की तिथून सापच निघणार आहे. अर्धी वाटी भात जायला पाऊण तास लागला. नंतरचा अर्धा तास त्या समोर स्टूल टाकून पहारा देत बसल्या, काका जरा कलंडले की "अंहं!" करत.

परीक्षेच्या दिवशी मी शाळेतून रजा काढून मंगल कार्यालयाच्या खिडकीशी उभा होतो. बाहेरून एक परीक्षक आले होते, हातात यादी, मनगटावर घड्याळ. प्रणालीने साहेबांना चार मिनिटांत बसवून, भरवून, तोंड पुसून मोकळं केलं. इतरांनीही तसंच. मग मालतीबाईंचं नाव पुकारलं. त्या पलंगापर्यंत अशा गेल्या की चौथीतला फळाच तिथे उभा आहे.

त्यांनी साहेबांना बसवलं. हनुवटी खाली केली. वाटी घेतली आणि म्हणाल्या, "काकाजी, खाता का?"

साहेब गप्प.

मालतीबाई थांबल्या. मग त्यांनी भोपाळच्या भाषेत विचारून पाहिलं, "काकाजी, खाओगे क्या?"

एक मिनिट गेलं. मागे बायका खुदखुदायला लागल्या. परीक्षक घड्याळ बघून म्हणाले, "आगे बढ़िए."

"ते बोलून नाही राहिले जी," मालतीबाई म्हणाल्या. "बोलत नाही त्याच्या तोंडात मी घास नाही घालत. तुम्ही नापास करा."

आणि वाटी खाली ठेवली.

परीक्षकांनी अर्चना मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी त्यांच्या यादीतल्या पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं. 'रोगी होश में है, यह जाँचा।' म्हणजे माणूस शुद्धीवर आहे ना, ते आधी बघितलं. सकाळपासून सव्वीस जणींच्या कागदावर ती ओळ कोरी होती. कुणीच विचारलं नव्हतं, आणि परीक्षकांनाही ते दिसलं नव्हतं. त्यांनी पेन काढून मालतीबाईंच्या कागदावर तिथे खूण केली. मग मॅडम पलंगामागे जाऊन वाकल्या आणि जाड आवाजात म्हणाल्या, "हो बाई, खातो. दे."

मालतीबाईंनी एक घास भरवला आणि गिळायची वाट बघत बसल्या.

त्या पास झाल्या. इतर सव्वीस जणीही झाल्या, प्रणालीसकट. पण मालतीबाईंना सगळ्यांत जास्त गुण होते, म्हणून महिन्याभराने त्यांना आश्रमाची सुपरवायझर केलं. सुपरवायझरने माणसांना हात लावायचा नसतो, तक्ते भरायचे असतात. म्हणून मालतीबाईंच्याच हातून जेवणाऱ्या गुणवंताकाकांना आता प्रणाली भरवते, चार मिनिटांत.