उजव्या गालावरचा खळगा

भुताखेताची गोष्ट कुणी सांगायला लागलं की मी आधी त्याच्या चष्म्याचा नंबर विचारतो. आजही विचारतो. तरी हे लिहितोय...

ऐंशीच्या दशकातला नागपूरचा उन्हाळा. कॉलेजच्या कॉम्प्युटर रूममध्ये मी एकटाच – बाकी सगळे सुटीत गावी. काम एकच : पडद्यावर माणसाचा गुळगुळीत चेहरा काढायचा. मूर्तिकारांच्या चितार ओळीतून महालक्ष्मीचा मातीचा मुखवटा आणला, त्यावर त्रिकोण आखले, पट्टीनं एकेका बिंदूची मापं घेतली. नुसते त्रिकोण काढले तर चेहऱ्याला कंगोरे दिसतात, म्हणून शेजारशेजारच्या छटा एकमेकींत मिसळायच्या. मी पक्का आळशी – मापं फक्त डाव्या अर्ध्या चेहऱ्याची घेतली. उजवा अर्धा प्रोग्राम आरशासारखा उलटून काढणार होता.

एका दुपारी चित्र पूर्ण झालं. उजव्या गालावर खळगा. डावा गाल साफ! असं होऊच शकत नव्हतं. मी चडफडत असतानाच सावनेरहून बाबा डबा घेऊन आले आणि दारातच थांबले.

"हा खड्डा तुले कोनं सांगितला?"

"चूक आहे बाबा, काढून टाकतो."

"काढू नको! तुही माय आहे ही. लहानपणी चुलीवर पडली होती, तवाचा आहे तो."

आई गेली तेव्हा मी दीड वर्षाचा. तिचा एकही फोटो नाही. बाबा तिच्याबद्दल कधी बोलत नसत, मीही विचारणं सोडलं होतं. घरात आम्ही दोघंच, मुकाट्यानं जेवणारे. मी बाबांना खुर्ची दिली आणि मागे उभा राहून रडलो.

"हसत काहून नाही वं?" बाबा पडद्याला म्हणाले.

तेवढ्यात लाइट गेली. चित्र साठवायची सोय नव्हती, फ्लॉपीवर होते फक्त आकडे.

लाइट आल्यावर तेच आकडे, तोच प्रोग्राम, एक अक्षरही न बदलता पुन्हा चालवला. चित्र उमटेपर्यंत चाळीस मिनिटं बाबा जागचे हलले नाहीत. दोन्ही गाल गुळगुळीत आले.

"ही नाही," बाबा म्हणाले. मग हळूच, "आणखी एकदा बोलाव ना गा तिले."

संध्याकाळपर्यंत बोलावलं. आली नाही. डबा तसाच राहिला.

मशीनमध्ये काही गडबड झाली असेल, मान्य. पण नेमकी तिथंच?

बाबा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. चित्र हल्ली डोळ्याचं पातं लवायच्या आत येतं. रविवारी दुपारी, घरात कुणी नसतंच, तेव्हा मी ते जुने आकडे चालवून बघतो. गाल गुळगुळीत. खळगा घालायला मला दोन मिनिटं लागतील... पण तो मी पाडलेला असेल.