कोल्ड स्टोरेजवर घेतलेला आळ

"घरात पंख्यावरून भांडणं होतात का?" रिपोर्टवरची नजर न काढता डॉक्टरांनी विचारलं.

मी चपापले. ह्या थायरॉइडच्या डॉक्टर, ह्यांना आमचा पंखा कुठून दिसला? "व्हायची," मी म्हटलं. "आता हे हॉलमध्ये झोपतात."

"तुम्हाला ऑटोइम्यून थायरॉइडायटिस आहे."

मग त्यांनी समजावलं. गळ्यात थायरॉइड नावाची छोटी ग्रंथी असते. शरीरानं किती वेगानं चालायचं, ते तिचं हार्मोन ठरवतं. माझ्या शरीराचे राखणदार तिलाच परकी समजून मारत होते. टीएसएच, म्हणजे 'कामाला लाग' असा थायरॉइडला वरून येणारा हुकूम, खूप वाढला होता. अँटी-टीपीओ अँटिबॉडीज, म्हणजे ते वाट चुकलेले राखणदार, तेही भरपूर सापडले.

"बहुतेक काही वर्षं असेल," त्या म्हणाल्या. "पुष्कळांना असतं आणि पत्ताच नसतो. कुणी वय झालं म्हणतं, कुणी वजन वाढलं म्हणतं. तुम्ही काय म्हणत होतात?"

"कोल्ड स्टोरेज."

हसू नका. मी राहते नाशिकला, पण द्राक्षांच्या हंगामात रोज पिंपळगाव बसवंतच्या एका पॅकहाऊसला जाते. बायका घड निवडून पेट्या भरतात, मी देखरेख करते. पेट्या थंड खोलीत जातात, त्यांच्यामागे मीही आत-बाहेर. त्यामुळे हातपाय गार पडले, कोल्ड स्टोरेज. आवाज घोगरा झाला, कोल्ड स्टोरेज. सकाळी चेहरा सुजला, त्याचंही खापर तिथेच. सासूबाईंनी तर निकालच दिला, "बर्फात उभी राहती दिवसभर. थंडी हाडात बसली, दुसरं काय हाय?" मग ओव्याचा शेक आणि सुंठेचा काढा. आमचे हे म्हणायचे, "तू आता एक्सपोर्ट क्वालिटी झालीस. पेटीत भरलं की थेट दुबई." मीही हसायचे. विनोद चांगला होता.

खरं तर घरात विनोदाचं आणि गोष्टींचं खातं माझ्याकडे. मामेसासऱ्यांची वरात भलत्याच मांडवात शिरली होती, ती गोष्ट मी इतक्या वेळा सांगितलीय की मुलं माझ्याआधी वाक्यं म्हणतात. मार्चमध्ये चांदवडला पुतणीच्या हळदीला तीच सांगत होते आणि मध्येच थांबले. मांडव चुकला हे कळलं कसं, ते काही केल्या आठवेना.

"काकू, बॅटरी डाऊन!" पुतणी म्हणाली. सगळे हसले आणि जेवायला उठले. मी भर उन्हाळ्यात शाल लपेटून खुर्चीतच राहिले.

त्यानंतर मी गोष्ट सांगितली नाही, आणि कुणी मागितलीही नाही. मनात एकच भीती, आपलं डोकं कामातून चाललंय. हे बोलणार कुणाकडे? मी तोंड उघडलं की माणसं हसायच्या तयारीतच बसतात. आतल्या खोलीत पंखा बंद, अंगावर दोन पांघरुणं. हॉलमधून कूलरची घरघर आणि ह्यांचा टीव्ही ऐकू यायचा. माणसं भिंतीपलीकडेच होती, पण त्यांचा ऋतू वेगळा होता.

हंगाम संपला. यंत्रं थांबली, थंड खोली धुऊन तिला कुलूप लागलं. मी मात्र तशीच गार. आता आळ घ्यायला कोल्ड स्टोरेजही उरलं नाही. मग ब्लाऊज सैल करून आणते, असं सांगून एकटीच आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. थाप अगदीच खोटी नव्हती, एकही ब्लाऊज बसत नव्हता. त्यांनी रक्त तपासायला पाठवलं.

लॅबमध्ये डोक्यावर पंखा गरगरत होता. मी बंद करायला सांगणार, तेवढ्यात शेजारची बाई उठली. अंगात पूर्ण बाह्यांचा स्वेटर. "ताई, तेवढा पंखा बंद करा ना. लय गार लागतंय."

बाकीचे कुरकुरले. मी तिच्याकडे बघतच राहिले. "मलाही," मी म्हटलं.

"घरी मला येडी म्हणतात."

"मला एक्सपोर्ट क्वालिटी."

ती देवळाली कॅम्पहून आली होती. एवढंच कळलं, कारण तिचा नंबर लागला. तिच्या रिपोर्टात काय निघालं कुणास ठाऊक. पण कितीतरी महिन्यांनी मी कुणाच्या तरी ऋतूत बसले होते.

मग रिपोर्ट, मोठ्या डॉक्टर आणि गोळी. थायरॉक्सिन, म्हणजे ग्रंथीला जे जमत नाही ते बाहेरून द्यायचं. बहुधा कायमचं. पहाटे रिकाम्या पोटी, आणि नंतर बराच वेळ चहा नाही. आजारापेक्षा हेच जड गेलं. फरकही लगेच पडत नाही, धीर धरावा लागतो.

तुमच्या घरात कुणी उन्हाळ्यात पांघरूण मागत असेल, आवाज बसला असेल, नावं विसरत असेल, तर चेष्टा जरूर करा, पण डॉक्टरांना विचारून एकदा टीएसएच करून घ्या. आणि सोबत जा.

जूनमध्ये पोळ्या लाटताना कपाळावरून काहीतरी ओघळलं. "अहो, इकडे या! घाम!"

"मग? चुलीपाशी काय गारा पडणारेत?" म्हणाले, पण आले, आणि नीट निरखून बघितलं.

त्या रविवारी दुपारी हे उशी घेऊन आतल्या खोलीत आले. पंख्याच्या बटणाशी थांबले. "किती वर ठेवू?"

"तीनवर. लगेच पाच मागू नका."

आडवे झाल्यावर मी मामेसासऱ्यांची वरात पुन्हा काढली. आवाज अजून थोडा घोगराच होता. वरात चुकीच्या मांडवात पोचेपर्यंत हे घोरू लागले. मी थांबले नाही. नवरीच्या आजीनं नवरदेवाकडे निरखून बघून "हा आमचा नव्हं!" म्हटलं, तिथपर्यंत सगळी गोष्ट सांगितली आणि मगच डोळे मिटले.