सर्व्हरच्या पाठीवरचा हात

नव्वदीच्या शेवटी आमच्या मंचेरियलच्या ऑफिसात सर्व्हर आला. तो किती तापलाय ते पडद्यावर दिसावं म्हणून कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यात, ड्रायव्हर नावाचा छोटा प्रोग्रॅम बसवायला जैनथ गावाकडचा एक माणूस आला. त्याचं नाव विचारायचं मला सुचलंच नाही. दिवसभर तो सेटिंग बदलून पाहायचा आणि मध्येच सर्व्हरच्या पाठीला तळहात लावायचा. संध्याकाळी पडद्यावर एकदाचा आकडा उमटला. तरी त्यानं हात लावलाच.

"आता काऊन?" मी हसले.

"घरचा थर्मामीटर बिघडला होता, ताई. ताप नाई म्हणून मी आकडाच पाहत राह्यलो. पोरीच्या कपाळाला हात नाई लावला."

पुढे तो आकडा रोज वाचायचं काम माझ्याकडे आलं. मी आधी हात लावायचे, मग वाचायचे.