मी न दिलेली घोषणा

आटपाडीकडच्या आमच्या रानांत कालव्याचं पाणी यावं म्हणून आम्ही सांगलीला मोर्चा नेला, तेव्हा घोषणा द्यायला मला पुढं केलं. घरात पिढ्यानपिढ्या मेंढरं. माळाच्या या टोकावरनं त्या टोकाला हाक मारायची सवय, त्यामुळं माझ्या गळ्याला माईक लागत नाही. निघताना पोलीससाहेबांनी बजावलं, "ताई, जमावबंदी लागू आहे. परवानगी अटींवर दिलीय. पाणी मागा, सरकारला नावं ठेवा. पण तोडा, फोडा, जाळा असलं काही आलं तर गुन्हा दाखल होईल."

मी दिवसभर एकच घोषणा दिली, "पाणी आमच्या हक्काचं!"

आठवडाभरानं पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं. आई सोबत आली. साहेबांनी मोबाईलवर व्हिडिओ लावला. गर्दीच्या पाठी दिसत होत्या, मी कुठंच नव्हते. आणि माझा आवाज आला, "कालवा फोडा! ऑफिस जाळा!"

शेवटचं अक्षर मी लांबवते तसंच लांबवलेलं. मधे घेतलेला श्वाससुद्धा माझाच.

"ही मी न्हाई," मी म्हणाले. "आई, सांग की यांना."

आईनं मोबाईल कानाशी धरून पुन्हा ऐकलं. माझ्याकडं न बघता म्हणाली, "तू म्हणली नसशील गं. पर आवाज तुजाच हाय."

चिथावणीचा गुन्हा दाखल झाला. माझ्या वकीलबाई धीर द्यायच्या, "कडक बोलणं हा गुन्हा नाही, हिंसेला भडकवणं हा गुन्हा. आणि ते तुम्हीच बोललात, हे त्यांना सिद्ध करावं लागेल." तरी भाकरी थापताना मी तो मोर्चा मनात पुन्हा चालायची. एखाद्या चौकात तोंडून निघून तर गेलं नसेल?

मग आवाजाचा नमुना द्यायला नेलं. बंद खोली, भिंतींना फोम, आपलाच श्वास कानात वाजेल अशी शांतता. समोरच्या कागदावर ती वाक्यं होती. आयुष्यात पहिल्यांदा मी म्हणाले, "कालवा फोडा."

हुबेहूब तसंच आलं. काचेपलीकडं रेकॉर्डिंग करणाऱ्या माणसानं चटकन मान वर करून माझ्याकडं पाहिलं.

बऱ्याच महिन्यांनी अहवाल आला. व्हिडिओतला आवाज यंत्रावर बनवलेला होता. माझ्यावरचा गुन्हा रद्द झाला. तो आवाज कुणी बनवला, ते मात्र आजवर कळलेलं नाही.

यंदा पुन्हा मोर्चा निघाला. "आक्का, तुमीच हाक द्या," लोक म्हणाले. मी दिली. एक पोलीस माझ्या ओठांवर कॅमेरा धरून शेजारून चालत होता. दुसऱ्या बाजूनं वकीलबाईंनी लावलेला माणूसही तसाच कॅमेरा धरून चालत होता. मागच्या बायका मात्र उत्तर देण्याआधी जरा थांबायच्या. मी काय म्हणाले ते एकमेकींना विचारून घ्यायच्या, मगच त्यांचा आवाज यायचा.