दोन पायऱ्यांची परीक्षा

आमच्या गावात एकाही घराला जिना नव्हता. त्यामुळे चांद्याच्या डॉक्टरांनी लाकडाच्या दोन पायऱ्या खोलीच्या मधोमध मांडल्या तेव्हा बा त्यांच्याकडे पाहतच राहिला. इकडून चढायचं, तिकडून उतरायचं, वळायचं आणि पुन्हा चढायचं.

"चढून जायाचं कुठी जी?" बानं विचारलं.

डॉक्टर हसले. "कुठंच नाही, भाऊ. तुमचं हृदय किती काम झेलतं ते पाहायचं आहे. वयावरून आणि वजनावरून फेऱ्या ठरतात. छातीत जरा जरी काही झालं तरी थांबायचं आणि मला सांगायचं. लपवायचं नाही."

बानं मान डोलावली. ती मान मी जन्मापासून ओळखत होते. मायनं काही सांगितलं की तो अश्शीच मान डोलवायचा आणि मग स्वतःचंच खरं करायचा.

मी तेव्हा नागभीडला मुलींच्या शाळेत मास्तरीण होते. धान कापणीच्या दिवसांत सुटी काढून गावी जायचे. आमच्याकडे बांदीतून, म्हणजे धानाच्या शेतातून, खळ्यापर्यंत धानाचे भारे कावडीनं नेत. पंधरा-वीस माणसं एकामागे एक चालायची आणि सगळ्यांत पुढं बा. पावलागणिक तो "हुं... हुं..." करायचा, त्या आवाजावर मागची रांग चालायची. आणि एक रीत होती. खांद्यावर घेतलेला भारा खळ्यातच उतरवायचा. वाटेत भुईवर ठेवायचा नाही, मग जीव जावो की राहो. ज्यानं ठेवला त्याला पुढं वर्षभर लोक हिणवत. बानं तीस वर्षांत एकदाही ठेवला नव्हता.

त्या वर्षी तलावाच्या पाळीवर, त्या उंच बांधावर, चढताना त्याचा हुंकार मध्येच बंद पडला. मी मागून येत होते. थंडीचे दिवस, तरी त्याच्या मानेवरून घाम ओघळत होता. खळ्यात भारा टाकून तो छाती चोळत बसला. "वायगोळा हाय," म्हणाला. चार दिवसांनी पुन्हा तेच झालं. मग मी घर डोक्यावर घेतलं, जेवण सोडलं, मायला रडवलं, आणि अर्धे भारे बांदीतच असताना त्याला चांद्याच्या गाडीत बसवलं. गाडीभर त्याचं एकच चाललं होतं, "डॉक्टरनं बरा हाय म्हटलं का परवा मी कावड उचलतो. मंग तुह्या तोंडाले कुलूप." म्हणजे डॉक्टर नको म्हणाले तर बाची रांगेतली जागा जाणार, आणि हो म्हणाले तर पाळीवरच्या एखाद्या चढात बाच जाणार. मला दुसरी भीती जास्त होती.

डॉक्टरांनी नाडी मोजली, रक्तदाब घेतला. हृदयाची रेघ कागदावर काढणारं यंत्र नागपूरला होतं, इथं सगळा कारभार घड्याळ, कान आणि बोटांवर. "करा सुरू," ते म्हणाले.

बानं आधी पायरीला हात लावून तो कपाळाला लावला. लाकडाच्या पाटावर पाय द्यायचा म्हणजे माफी मागायला नको? मग तो चढू लागला. आणि सवयीनं, त्याच्या नकळत, हुंकार सुरू झाला. चढला की "हुं", उतरला की "हुं". मला हसूच आलं. जणू डॉक्टरांच्या खोलीत त्याच्या मागं पंधरा माणसं उभी होती.

नवव्या की दहाव्या फेरीला आवाज थांबला. पाय मात्र चालूच. चेहरा सरळ, नजर समोरच्या भिंतीवर. डॉक्टर घड्याळाकडे पाहत होते. सगळ्या फेऱ्या झाल्या. दोन मिनिटांनी त्यांनी पुन्हा नाडी धरली, रक्तदाब पाहिला आणि खूश झाले. "छान. सगळं ठिकाणावर आलं. छातीत काही झालं का?"

"काई नाई जी."

"मग करा काम."

बानं माझ्याकडे अश्शी नजर टाकली! चारचौघांत बापाला खोटं पाडणारी मुलगी आमच्याकडे कुणी पाहिली नव्हती. त्यानं पटका बांधला, वहाणा घातल्या. दारापर्यंत गेलो आणि माझ्यानं राहवलं नाही.

"डॉक्टरसाहेब, याला दुखलंय. याचा हुंकार बंद पडला होता. पाळीवरही असाच बंद पडतो."

डॉक्टरांनी खुर्ची पुढं ओढली. "बसा, भाऊ. नाडी मला कळते. दुखणं फक्त तुम्हाला कळतं. खरं सांगा."

बा बसला नाही. बांधलेला पटका त्यानं सोडून हातात घेतला. मग म्हणाला, "दुखलं. पन उचललेला भारा मधात ठेवाचा कसा?"

"इथं कुठला भारा होता हो?" डॉक्टर अगदी हळू म्हणाले.

कावड बंद झाली. सपाटीवर चालायचं, दुखलं की थांबायचं, एवढंच. परतीच्या गाडीत बा एकच वाक्य बोलला, "मास्तरीन झाली, आता बापाची परीक्षा घेते." त्यानंतर वर्षभर तो माझ्याशी बोलला नाही. मी यायचे, तो उठून गोठ्यात जायचा. वाईट वाटायचं, संतापही यायचा. कुणासाठी केलं होतं मी हे?

पुढच्या कापणीला गेले तर बा रिकाम्या खांद्यानं रांगेच्या पुढं उभा. गड्यांनीच बोलावलं होतं त्याला, आवाजासाठी. मी म्हटलं, पाळ आहे मध्ये. कोण ऐकतो! मी रांगेच्या बाजूनं निघाले.

पाळीच्या अर्ध्यात हुंकार थांबला. बा पाऊल टाकणारच होता, तेवढ्यात मागच्या गड्यानं भारा भुईवर ठेवला. मग त्याच्या मागच्यानं. मग सगळ्यांनी, एकामागे एक.

"भारा काऊन ठेवला रे?" बा ओरडला.

"तुहा आवाज गेला ना भाऊ," मागचा गडी म्हणाला. "बस जराशीक."

बानं भुईवरच्या त्या भाऱ्यांकडे पाहिलं. त्याचे डोळे भरून आले. मग तो पाळीवर बसला आणि वर्षभरानं माझ्याकडे पाहून हात पुढं केला.

"मोज, मास्तरीन," म्हणाला. "दुखून राह्यलं."

माझ्याकडे घड्याळ नव्हतं. तरी मी नाडी धरली आणि आकडे मोजत राहिले, त्याचं दुखणं थांबेपर्यंत.