दवाखान्यातली पाटी

परवा लातूरच्या एका सरकारी दवाखान्यात गेले होते. माझ्या मेसमध्ये पोळ्या करायला येणारी संगीता सोबत होती. तिला दिवस गेलेत, दोन लेकरं आहेत आणि तिसरं नको आहे...

तिच्या गल्लीतल्या आशाताईंनी सांगितलं होतं, सरकारीत जा, होतंय. मी तिला म्हटलं, बाई, गुन्हा आहे तो, उगाच अडकशील. ती ऐकेना, म्हणून खात्री करायला मीच सोबत गेले.

खरं तर दवाखान्यातलं मला सगळं कळतं असा माझा समज होता. क्लासच्या पन्नास-साठ पोरी माझ्याकडे जेवतात. कुणाला ताप आला, कुणाची पाळी लांबली, की रिक्षात घालून नेणारी मीच... त्या बाकावर बसून समोरची पाटी इतक्यांदा वाचली आहे की पाठ झाली आहे. 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. तो कायद्याने गुन्हा आहे.'

आतल्या सिस्टर चाळिशीच्या, देगलूरकडच्या. त्यांनी संगीताला तारीख विचारली, वय विचारलं आणि म्हणाल्या, "हिची सही लागंल, बस. नवऱ्याची न्हाई लागत. पैशे बी लागत न्हाईत हितं."

मी म्हटलं, "अहो, पण बाहेर पाटी लावलीय ना, गुन्हा आहे म्हणून?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागावल्या नाहीत. रोज कुणीतरी विचारत असावं. "मावशी, ती पाटी पोरगा हाय का पोरगी हाय ते बघायची. ते बघणं गुन्हा. ह्याचं वेगळं हाय."

"मग हा कायदा नवीन आलाय का?"

"न्हाई ओ. माझ्या जन्माच्या आधीचा हाय."

मी बाहेर येऊन बाकावर बसले.

माझी धाकटी नणंद शोभा. (नाव बदललं आहे.) कंधारजवळच्या गावात दिलेली. सात वर्षांपूर्वी लेक कांचनला अकरावीला आणि नीटच्या क्लासला घालायला लातूरला आली, तेव्हा माझ्याकडे चार दिवस राहिली होती. पोरीची गादी, बादली, टेबल फॅन, सगळं दोघींनी मिळून घेतलं.

चौथ्या दिवशी सकाळी मेथी निवडता निवडता, मान खाली घालूनच ती म्हणाली, "वैनी, मला दिवस गेलेत. ह्या वयात... पोरगी एवढी मोठी झाली. हे मोकळं करता येतंय का कुठं?"

आणि मी, शहरातली वहिनी, दवाखान्यांची जाणकार... मी तिला ठासून सांगितलं, "शोभा, वेडी का काय? गुन्हा आहे तो. पाटीच लावलेली असते सगळीकडे. डॉक्टर पोलिसात देतील." ती "बरं" म्हणाली. भाजी निवडून झाली, आणि संध्याकाळच्या एसटीने ती गावी गेली.

गावी तिने कुणाकडून तरी गोळ्या आणल्या. किती दिवसांचं आहे हे कुणी तपासलं नाही, घ्यायच्या कशा तेही कुणी सांगितलं नाही. अंगावरून जात राहिलं आणि तिने आठ दिवस कुणाला कळू दिलं नाही. का कळू देईल? पोलिसांची भीती मीच घातली होती... नांदेडच्या दवाखान्यात नेईपर्यंत फार उशीर झाला होता.

लोकांना आम्ही कावीळ झाली होती असं सांगितलं. तिने मला विचारलं होतं, हे मी नवऱ्यालाही सांगितलं नाही. तेव्हा मनाची समजूत घातली होती की मी कायद्याचंच तर बोलले. परवा त्या बाकावर ती समजूतही गेली.

म्हणून हे लिहिते आहे. सिस्टरना मी परत आत जाऊन सगळं नीट विचारलं. अठरा पूर्ण झालेल्या बाईला स्वतःची सही पुरते, लग्न झालेलं असो वा नसो. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं, त्यापुढे चोवीसपर्यंत काही ठराविक कारणांसाठी दोन डॉक्टरांचं. नाव गुप्त ठेवतात. खाजगीत जायचं तर त्या दवाखान्याला परवानगी आहे का ते बघा, आणि मेडिक्लेम असेल तर आधीच विचारून घ्या, प्रत्येक पॉलिसीचं वेगळं असतं. मुख्य म्हणजे माझ्यासारख्या शहाण्या बाईला विचारू नका, डॉक्टरांना विचारा.

पोस्ट टाकायच्या आधी कांचनला वाचून दाखवणं भाग होतं. आई गेल्यावर नीटचं काही जमलं नाही तिचं, बी.फार्म केलं, आता नांदेडला नोकरी करते. रविवारी माझ्याकडे येते. काल आली. तिला सगळं वाचून दाखवलं.

मला वाटलं होतं ती उठून जाईल. ती उठली नाही. मग म्हणाली, "मामी, आईनं मला पण विचारलं होतं. हॉस्टेलवर सोडायला आली तेव्हा. तुझं बायोलॉजी हाय ना, तुला ठाऊक असंल म्हणली."

"मग?"

"मी पण गुन्हाच म्हणले." पुढचं ती खिडकीकडे बघत बोलली. "फार्मसीला कायद्याचा पेपर असतो. त्यात हा चॅप्टर होता. पहिलं पान वाचलं आणि मिटून टाकलं पुस्तक. ऑप्शनला टाकला मी तो."

एवढी वर्षं दर रविवारी आम्ही दोघी समोरासमोर बसून जेवत होतो. मी तिला जवळ घेतलं, लहानपणी घ्यायचे तसं. म्हटलं, सोळा वर्षांची होतीस गं तू, लेकरा.

मी त्रेचाळीस वर्षांची होते.